सोमलता मेणिकेचे कार्ड

कार्डांच्या पेट्या आल्या त्या सकाळी पोस्टातला पंखा चालू होता. दोन वर्षांपूर्वी दिवसातले तेरा-तेरा तास वीज नसायची. तेव्हापासून फिरता पंखा दिसला की अरियवंस क्षणभर त्याच्याकडे बघत उभा राही, न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावे तसा. मग त्याने पेटीची दोरी कापली आणि तो कार्डे लावायला बसला.

हातपोकुण हे कोलंबोहून येताना कुरुनेगलच्या अलीकडचे, नारळीच्या बागांतले गाव. अरियवंस तिथे एकतीस वर्षे पोस्टमन. निवडणूक लागली की मतदाराच्या नावाचे कार्ड छापून येते आणि ते घरोघर पोचवण्याचे काम पोस्टाकडे असते. कार्डावर माणसाचे नाव कुळापासून, घराण्यापासून, पूर्ण छापलेले असते. एरवी ती लांबलचक नावे कुणी उच्चारत नाही. लग्नाची नोंद, परीक्षेची खोली, मयताचा दाखला आणि मतदान, एवढ्याच ठिकाणी ती पेटीतल्या कपड्यांसारखी बाहेर निघतात. मतदानाच्या खोलीत तर कारकून ते नाव मोठ्याने पुकारतो, आणि बाकांवर बसलेली पक्षांची माणसे आपापल्या यादीवर पट्टी ठेवून रेघ ओढतात.

या खेपेला घरातली कार्डे आणि घरातली माणसे यांचा मेळ बसत नव्हता. पाच कार्डांच्या घरात दोन माणसे होती. एक मुलगा कोरियात, सून इटलीत, आई कुवेतमध्ये. पेट्रोलच्या, गॅसच्या, औषधांच्या टंचाईच्या त्या वर्षाने गाव चाळणीतून काढावे तसे काढले होते. अरियवंस कार्डे गठ्ठ्यात लावत राहिला आणि त्याला वाटले, आपण ज्या गावाला कार्डे वाटायला बसलो आहोत ते गाव आता नुसते यादीतच आहे.

दुपारी त्याच्या स्वतःच्या घराची कार्डे हाताला लागली. दोनच होती. पोस्टाची माणसे आपले मत टपालाने आधीच देतात, म्हणून त्याला कार्ड नसे. एक मुलीचे, उदेशिकाचे, आयुष्यातले पहिले. दुसरे बायकोचे.

हेरत मुदियन्सेलागे सोमलता मेणिके.

ते त्याने गठ्ठ्यात ठेवले नाही. बघितले, आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवले.

सोमलता दोन वर्षांपूर्वी देश सोडून गेली. त्या जुलैत गॅसच्या रांगेत ती तीन दिवस उभी होती. सिलिंडरला साखळी लावून बायका आळीपाळीने घरी जाऊन येत. तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि सोमलताच्या पुढे अकरा सिलिंडर असताना गॅस संपला. ती घरी आली, चुलीत नारळाच्या करवंट्या घातल्या, भात चढवला आणि म्हणाली, "मी जाते कुवेतला. नुसतं उभं राहायचंच असेल तर पगारावर उभी राहीन."

तो हसला होता. नोव्हेंबरात ती घरकामाच्या करारावर विमानात बसली.

जाताना तिने एकच गोष्ट पक्की सांगितली होती. "मतदानाला मी असेन. तेवढं मी चुकवत नाही, तुम्हाला माहितीय."

त्याला माहीत होते. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत तो शाळेच्या कुंपणापाशी सायकल धरून उभा होता. खिडकीतून तिचे नाव ऐकू आले, कुळासकट, एका दमात. घरात ती नुसती "ऐकलंस का" होती, शेजारी "पोस्टमनची बायको" आणि पुढे "उदेशिकाची अम्मा". त्या खिडकीतून कुणी वेगळीच बाई बाहेर येईल असे त्याला वाटले. आली तीच, डाव्या करंगळीवर शाई, आणि तिने त्याच्याकडे असे बघितले की जणू त्याने पण ऐकले ना याची खात्री करून घेत होती. त्यानंतर एकाही निवडणुकीत त्याने ते कुंपण सोडले नाही. स्वतःचे नाव त्याने तिथे कधी ऐकले नव्हते. त्याचे मत पाकिटातून जाई.

रविवारी तो कार्डे वाटायला निघाला. एरवी लोक कार्ड घेत आणि कौलांच्या वळचणीला खोचून ठेवत. या वेळी फाटकाफाटकात माणसे उभी होती. सायकलची घंटा ऐकून बायका हात पुसत बाहेर येत, नाव वाचून बघत, पुन्हा वाचत.

तळ्याकाठच्या घरात पुंचिराळ राहायचा. वय ऐंशीच्या पुढे, गाव त्याला सीया म्हणे, म्हणजे आजोबा. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"आलास? मला वाटलं, माझंही नाव गेलं."

"सीया, वीस वर्षं तुम्ही मत दिलं नाहीत. तुमची कार्डं त्या वाशाला लटकलेली असायची, जाता-येता मी बघायचो."

"तेव्हा रांगेचा कंटाळा होता. आता सवय लागलीय. पेट्रोलला उभा राहिलो, गॅसला राहिलो, रॉकेलला राहिलो. टोकाला जावं तर पाटी, साठा संपला. ही एक रांग राहिलीय."

"हिच्या टोकाला काय मिळणार?"

"पेन मिळतं की हातात. परत द्यावं लागतं, पण मिळतं."

त्याने कार्ड घेतले, डोळ्यांपासून लांब धरले. मग दुसरा हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"सुगतचं?"

सुगत त्याचा मुलगा, रिक्षा चालवायचा. पेट्रोलच्या रांगेत दोन रात्री स्वतःच्या रिक्षातच झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुढची गाडी सरकली, त्याची सरकली नाही. मागच्या लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग उतरून बघितले.

"त्याचं नाव काढलं, सीया. ग्रामसेवक येऊन गेला होता ना यादी घेऊन."

"मी काढ म्हटलं नव्हतं."

"दाखला गेला ना कचेरीत. मग निघतंच."

पुंचिराळने हात मागे घेतला. "सात वाजता उघडतात ना? मी सहाला जाऊन बसतो. पहिला."

"पहिलं जाऊन काय होणार?"

"तो रांगेत मधेच होता," पुंचिराळ म्हणाला, आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

त्या संध्याकाळी सोमलताचा फोन आला. उदेशिका खोबरे खोवत होती. तिने फोन नारळाच्या ढिगाला टेकवून उभा केला. चित्र थरथरत होते. सोमलताच्या मागे कपाटांची पांढरी भिंत दिसत होती, एवढी पांढरी की तिचा चेहरा त्यापुढे लांबचा वाटे.

"कार्ड आलं?"

"दोन्ही आली," अरियवंस म्हणाला.

"वाचा."

"काय वाचू?"

"नाव वाचा की. इथं मला सुमा म्हणतात. धाकटं पोर तर सू म्हणतं. दोन वर्षांत कुणी पूर्ण विचारलंसुद्धा नाही."

मुलगी समोर बसलेली. अरियवंसला संकोच वाटला. "तुझंच नाव आहे. त्यात वाचायचं काय?"

"बरं," सोमलता म्हणाली. उदेशिका खोबरे खोवत राहिली.

"तुझा करार जूनमध्ये संपला," तो म्हणाला. "तू येणार होतीस."

"मॅडमच्या मुलीचं बाळंतपण आहे. नोव्हेंबर म्हणतायत. पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे."

"मतदान एकवीस सप्टेंबरला आहे."

"मला तारीख माहितीय."

आणि तेव्हा त्याच्या तोंडातून ते निघून गेले. त्याने ठरवले नव्हते. सुगतचे रिकामे नाव दिवसभर त्याच्यासोबत सायकलवर बसून फिरले होते, तेच पुढे आले. "या वेळी मत दिलं नाहीस तर यादीतून नाव काढतील. बाहेर गेलेल्यांची काढतायत."

सोमलताने मागे वळून बघितले. मग म्हणाली, "बघते. सुट्टी मागून बघते."

फोन बंद झाल्यावर उदेशिकाने खोवणी बाजूला ठेवली. "तात्ता, असा नियम कुठंय? मी कॉलेजात सगळं वाचलंय."

"असेल."

"अम्माला उगाच का भेवडावलंत?"

"आली तर बरंच आहे ना."

"मग ये म्हणायचं. नाव काढतील असं काय म्हणायचं?"

ये म्हणणे त्याला जमले नसते. दोन वर्षांत तो फोनवर तिला पावसाचे, नारळाच्या भावाचे, कोंबडीच्या पिलांचे सगळे सांगत आला होता. तो एक शब्द मात्र त्याच्याकडे पत्ता नसलेल्या पाकिटासारखा पडून होता.

वाटप संपले तेव्हा चौऱ्याण्णव कार्डे उरली. मालक घरी नसेल तर कार्ड पोस्टात ठेवायचे, मतदानाच्या दिवशी चार वाजेपर्यंत तो ओळखपत्र दाखवून नेऊ शकतो. चारनंतर उरलेल्या कार्डांवर कारण लिहून ती परत पाठवायची. पोस्टमास्तर विजेकोन मॅडमनी गठ्ठा मोजला आणि चष्म्यावरून बघितले.

"अरियवंस, त्र्याण्णव आहेत."

"एक माझ्या पिशवीत आहे, मॅडम."

"पिशवी म्हणजे पोस्ट नव्हे."

"शनिवारी चार वाजता ठेवतो गठ्ठ्यात."

मॅडमनी गठ्ठ्याला रबर लावले. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि एकट्या राहत. "येणार आहे का ती?"

"सुट्टी मागितलीय."

"मागितलीय," मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर चौऱ्याण्णव लिहिले.

गुरुवारी सोमलताचा निरोप आला, चारच शब्द. शुक्रवारी रात्रीचे विमान बघतेय. त्यानंतर फोन लागेना. शुक्रवारी त्याने सात वेळा लावला. संध्याकाळी त्याने अंगण झाडले, विहिरीपाशी दोर बदलला आणि बाजारातून तिच्या आवडीचे सुके मासे आणले. उदेशिका बघत होती. तिने अम्माची मतदानाला नेसायची पांढरी साडी काढून दोरीवर वाऱ्याला घातली.

शनिवारी सातच्या आधीच शाळेची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली होती. पोस्ट शाळेच्या समोरच. खिडकीतून अरियवंसला दिसत होते: पांढरे कपडे, छत्र्या, कडेवरची पोरे, आणि सर्वांत पुढे खुर्चीवर पुंचिराळ, मांडीवर कार्ड दोन्ही हातांनी धरून. बोलणे फारसे नव्हते. ती माणसे रांगेत उभे राहण्यात तरबेज झाली होती. कुणी पुढे घुसत नव्हते, कुणी घड्याळ बघत नव्हते. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, याच वळणाशी, तीच माणसे सिलिंडर घेऊन उभी होती. फक्त आता हात रिकामे होते, आणि कशाचा साठा संपणार नव्हता.

आठ वाजल्यापासून पोस्टात कार्डे मागायला लोक येऊ लागले. असे कधी झाले नव्हते. एरवी उरलेली कार्डे तशीच परत जात. कोलंबोच्या शिवणकारखान्यातल्या पोरी आल्या, सैन्यातला एक जण आला, हॉटेलात भांडी घासणारा आला. एक मुलगी रात्रभर बसच्या दारात उभी राहून आली होती. तिचे डोळे लाल होते.

"दोन दिवसांचा पगार कापतील ना?" मॅडमनी तिला विचारले.

"कापतील."

"मग कशाला आलीस?"

मुलीने विचार केला. "माहीत नाही, मॅडम. खोलीवर बसवेना."

अरियवंस प्रत्येकाला कार्ड देई, वहीत सही घेई, आणि दर वेळी त्याची नजर मुलीच्या, बाईच्या, माणसाच्या खांद्यावरून रस्त्यावर जाई. विमानतळाकडून येणाऱ्या बसला हातपोकुणला थांबा होता. अकरा वीसची आली. उतरल्या दोन म्हाताऱ्या. पावणेदोनची आली, तिच्यातून एक मोठी बॅग खाली आली आणि त्याने खिडकीचा गज धरला. बॅगेमागून उतरला तो वरच्या आळीचा, कोरियाहून आलेला, धिप्पाड, हसत. तोही सरळ पोस्टातच आला. "अंकल, माझं कार्ड आहे ना अजून?"

"आहे."

"चार दिवसांची रजा आहे. अम्मा म्हणाली, तिकिटाच्या पैशात छप्पर झालं असतं." तो सही करत म्हणाला. "म्हटलं, छप्पर नंतर."

तो गेल्यावर अरियवंसने पिशवीला बाहेरून हात लावला. कार्ड होते.

मधल्या वेळात उदेशिका शाई लावलेली करंगळी वर धरून आली. "तात्ता, माझं नाव घेतलं. एवढं मोठं आहे माझं नाव, मलाच माहीत नव्हतं. तो कारकून मध्येच दम घ्यायला थांबला."

"मी ऐकलं नाही," अरियवंस म्हणाला. त्याला वाईट वाटले. तो बसकडे बघत होता.

तीन दहाची बस थांबलीच नाही. ती आत्ताच्या आत्ता पोचायचे असलेल्या माणसांनी भरलेली होती आणि तशीच पुढे गेली. रांग संपत आली होती. ऊन नारळीच्या खोडांवर तिरपे झाले. साडेतीनला फोन वाजला.

चित्र नव्हते, आवाज होता. मागे गाड्यांचा गोंगाट, आणि खूप बायकांचे बोलणे, सगळ्या त्याच्याच भाषेत.

"कुठं आहेस?" तो म्हणाला. क्षणभर त्याला वाटले, कोलंबोतच आहे.

"इथंच. कुवेतला." तिला धाप लागली होती. "फोन मॅडमनी ठेवून घेतला होता, सुट्टी मागितली म्हणून. आज दिला. आपल्या वकिलातीच्या कचेरीपुढं उभी आहे. कुणीतरी सांगितलं होतं की इथं मत घेणार आहेत. तीनशे-चारशे बायका आल्यात. पहाटेपासून."

"आणि?"

"तसं काही नाही म्हणे. दारावरचा माणूस बिचारा चांगला होता, पाणी दिलं त्यानं. म्हणाला, बायांनो, इथं मत नाही, घरी जा. कुणी गेलं नाही. ऊन तापलंय, पण रांग तशीच आहे. आता हळूहळू निघतायत."

अरियवंस खिडकीपासून मागे सरकला. "सोमलता, नाव काढत नाहीत. मी खोटं बोललो."

"मला माहितीय. उदेशिकानं दुसऱ्याच दिवशी कळवलं."

"मग कशाला गेलीस एवढ्या उन्हात?"

"सुट्टी मिळाली नाही, रांग तरी मिळाली," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "कॅन्डीकडची एक बाई होती, आधी शाळेत शिकवायची. ती म्हणाली, आपण आलो होतो एवढं तरी लिहून ठेवू. वही घेऊन फिरली. माझ्यापाशी आली, म्हणाली, पूर्ण नाव सांग, कुळापासून. आणि मला येईना."

"म्हणजे?"

"आठवेना. सुमा एवढंच तोंडात आलं. ती पेन धरून उभी, मागच्या बाया थांबलेल्या. हेरत आठवलं, पुढचं येईना. मग आलं. पण आधी आलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चारला आठ मिनिटे होती.

"तुम्ही वाचलं नाहीत त्या दिवशी," ती म्हणाली. रागाने नाही. पावसाचे सांगावे तसे.

चार वाजता समोर शाळेचे फाटक ओढल्याचा आवाज आला. विजेकोन मॅडमनी खिडकी अर्धी लावली, टेबलावर गठ्ठा ठेवला आणि कोरा कागद पुढे घेतला. "अरियवंस, चल. तू वाच, मी टिपते. किती उरली?"

"बेचाळीस, मॅडम."

"चौऱ्याण्णवातली बावन्न गेली. माझ्या नोकरीत असं झालं नाही." त्यांनी त्याच्या हातातल्या फोनकडे बघितले. "पिशवीतलं आण."

अरियवंसने पिशवीचा कप्पा उघडला. दोन आठवड्यांत कार्डाचे कोपरे मऊ झाले होते. ते त्याने गठ्ठ्याच्या सर्वांत खाली ठेवले. फोन बंद केला नाही. टेबलावर, शाईच्या गादीशेजारी उताणा ठेवला आणि म्हणाला, "फोन ठेवू नकोस."

"काय करताय?" फोनमधून आवाज आला.

दर निवडणुकीला तो नावे भराभर, अर्धी गिळून वाची. कुळ वगळायचे, नुसते शेवटचे नाव आणि क्रमांक. मॅडमना तेवढे पुरे. आज त्याने पहिले कार्ड उचलले आणि सगळे वाचले. मॅडमनी पेन थांबवले, त्याच्याकडे बघितले, आणि पुन्हा लिहू लागल्या. तो वाचत गेला. कोरियातले, इटलीतले, रोमानियातले. प्रत्येक नाव लांब होते आणि रिकाम्या पोस्टात ते वर जाऊन पंख्यात शिरल्यासारखे वाटे. कारण? मॅडम विचारत. परदेशी, तो म्हणे. परदेशी. परदेशी. कधी मधेच मॅडम म्हणत, "ही वीरसिंहांची ना? आंबट आंबे चोरायची माझ्या आवारातले." आणि लिहीत.

दारात उदेशिका येऊन उभी राहिली. तिच्यामागे, काठी टेकत, पुंचिराळ. त्याला काही हवे नव्हते. दुपारपासून तो त्या रस्त्यावरच होता, संपलेल्या रांगेच्या जागी.

एकेचाळीस झाली. अरियवंसने शेवटचे कार्ड उचलले. त्याला वाचायची गरज नव्हती, तरी त्याने ते डोळ्यांपुढे धरले. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत त्या कारकुनाने ज्या आवाजात पुकारले होते तो आवाज आपल्यात आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.

"हेरत मुदियन्सेलागे सोमलता मेणिके," तो म्हणाला, मोठ्याने, कुंपणापर्यंत जाईल एवढ्या.

मॅडमचे पेन चालले नाही. "कारण?"

त्याने फोनकडे बघितले. पडदा काळा झाला होता, फोन तुटला होता. तिच्याकडचे पैसे संपले, की तिच्या मॅडमची गाडी आली, की रेंज गेली, आणि कितव्या नावाला, त्याला कळायला मार्ग नव्हता.

"कारण, अरियवंस."

"परदेशी," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पुन्हा वाचतो, मॅडम. नीट ऐकू आलं नसेल."

मॅडमनी पेन खाली ठेवले. त्याने फोन उचलला, तिचा नंबर लावला, आणि ती उचलेपर्यंत कार्ड हातात धरून उभा राहिला.